घरच्या इंटरनेटची खंडेनवमी

दुकानातून राऊटर विकत आणणं इंजिनियरच्या घराला शोभत नाही, असं माझं मत होतं. अमेरिकेतल्या कॅरी गावी आमच्या घरात वरच्या छोट्या खोलीत, टेबलाखाली, ऑफिसने भंगारात काढलेला एक काळा कॉम्प्युटर मी आणून ठेवला होता. त्याला आम्ही डबा म्हणायचो. त्यात लिनक्स टाकलं, एक वायर मोडेमकडे, दुसरी घरातल्या वायफायकडे. बाहेरून आलेलं इंटरनेट डबा आत घ्यायचा आणि आमच्या सगळ्या कॉम्प्युटरना वाटायचा. पंगतीत वाढपी फिरतो, तसा.

आणि हा वाढपी चारशे बारा दिवस एकदाही खाली बसला नव्हता! हा आकडा मी रोज सकाळी चहाआधी बघायचो. पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कोणी ग्रीनकार्डाचं रडगाणं काढलं, की मी डब्याचा विषय काढायचो. "झालं, आता हा दिवस मोजणार," बायको म्हणायची. "ताटं उचला आणि पळा."

बायको कॉलेजात माझ्याच वर्गात होती. चारही वर्षं मार्क माझ्यापेक्षा जास्त. पण अमेरिकेत आलो ते माझ्या व्हिसावर, ती डिपेंडंट. म्हणजे राहा, खा, ड्राइव्ह करा, पण नोकरी करायची नाही. अशी सात वर्षं गेली. त्या सात वर्षांत तिने मराठी शाळेत मुलांना बाराखडी शिकवली, आणि माझ्या ऑफिसातले घोळ जेवताजेवता सोडवले. त्याचं प्रमोशन अर्थातच मला मिळालं. या उन्हाळ्यात एकदाची तिला कामाची परवानगी आली. तिने किती ठिकाणी अर्ज केले देव जाणे, बोलावणं आलं एकाच ठिकाणाहून. व्हिडिओवर इंटरव्ह्यू, सकाळी दहा वाजता.

सासूबाई तेव्हा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी कॅलेंडर बघितलं आणि म्हणाल्या, "खंडेनवमी आहे त्या दिवशी. दिवस चांगला आहे."

सासऱ्यांचं सांगलीत लेथचं वर्कशॉप होतं. खंडेनवमीला तिथे प्रत्येक मशीन पुसायचं, तेल द्यायचं, हळदकुंकू वाहायचं आणि बंद ठेवायचं. वर्षभर राबलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही. आदल्या संध्याकाळी सासूबाई माझ्या पाठीमागे उभ्या राहून म्हणाल्या, "उद्या हत्यारांची पूजा करते हं. टेबलाखालचं ते तुमचंच ना? चोवीस तास घुंऽऽ करतंय बिचारं. त्याला सुट्टी देते."

मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणालो, "हो हो, आई. करा की."

आता हे "हो हो" कुठल्या जातीचं असतं हे प्रत्येक बायकोला माहीत आहे. सासूबाईंना माहीत नव्हतं.

सकाळी साडेनऊला मी कॉफी घेऊन वर गेलो. डबा लखलखत होता. आतली धूळसुद्धा त्यांनी ब्रशने काढली होती. वर हळदकुंकू, आणि ग्रोसरीच्या दारात कुंड्या मिळतात तिथली पिवळी शेवंती. टेबलावर बायकोचा लॅपटॉप, त्यालाही हळदकुंकवाचं बोट, शेजारी स्वयंपाकघरातली सुरी आणि माझा स्क्रूड्रायव्हर. आणि कमालीची शांतता. इथल्या प्लगला बटण नसतं, म्हणून त्यांनी सरळ डब्याची वायरच ओढून, नीट गुंडाळून ठेवली होती.

चारशे बारा दिवस! मला खरंच रडू आलं. बायको इस्त्रीचा शर्ट घालून मागे उभी होती. ती म्हणाली, "अरे, रडतोस काय? चालू कर ना!"

चालू केला. डबा उठला, डब्याला इंटरनेट मिळालं. पण घरात कोणालाच मिळेना. आणि डब्याला ना कॅमेरा ना माईक, त्याचं इंटरनेट काय चाटायचंय?

झालं होतं असं. लिनक्स आपणहून कोणाचं इंटरनेट कोणाला वाटत नाही. त्याला तसं सांगावं लागतं: एका ठिकाणी शून्याचा एक करायचा आणि वाटपाचे दोन-तीन नियम द्यायचे. ते मी दिले होते, चारशे बारा दिवसांपूर्वी, तोंडी. म्हणजे टाइप करून. कायमचं राहावं म्हणून फाइलमध्ये लिहून ठेवायचं असतं, ते मी केलं नव्हतं. लिहायचं कशाला? डबा बंद होणारच नव्हता! डबा बंद झाला आणि सगळं विसरला. मीही विसरलो होतो. डब्यावरूनच नेटवर शोधलं तर सात फोरमवर सात उत्तरं, आणि प्रत्येकाखाली "हे आता जुनं झालं" अशी टीप.

पावणेदहा वाजले. फोनचा हॉटस्पॉट लावला, तर आमच्या घरात सिग्नलची एक दांडी, तीही मनात आलं तर.

"किती वेळ लागेल?" बायकोने विचारलं.

"दोन मिनिटं."

"खरं सांग."

मी खरं सांगितलं नाही. टाइप करत राहिलो. ती परतपरत घड्याळ बघत होती, ते मला दिसत होतं, तरी मी टाइप करत राहिलो. सात वर्षांनी आलेलं एक बोलावणं, आणि मी माझा डबा वाचवत होतो.

दहाला दहा कमी असताना तिने मला खुर्चीवरून उठवलं. मोडेम बंद केला. डब्यात गेलेली त्याची वायर उपटली, स्वतःच्या जाडजूड जुन्या लॅपटॉपच्या भोकात खुपसली, मोडेम चालू केला. हिरवा दिवा लागला. व्हिडिओची खिडकी उघडली. एवढंच. चार मिनिटं. "बाहेर," ती म्हणाली.

मी माझा लॅपटॉप घेऊन जिन्यात बसलो. डब्याशी वायफायवरून अजून बोलता येत होतं, म्हणून मी दुरुस्ती चालू ठेवली. त्याला मोडेमची वायरच उरली नव्हती, हे त्या क्षणी डोक्यात आलं नाही.

दाराआडून तिचा आवाज येत होता, आधी अडखळत, मग सरळ. कोणीतरी विचारलं, दबावाखाली एखादी अडचण सोडवल्याचं उदाहरण द्या. ती म्हणाली, पंधरा मिनिटांपूर्वीचं चालेल का? आणि तिने सगळं सांगितलं: पूजा, शेवंती, न लिहिलेली ओळ. पलीकडे दोघं-तिघं हसले. मग प्रश्न आला, ज्याची ती सिस्टिम होती, त्याचं काय म्हणणं पडलं?

माझ्या कीबोर्डची टकटक तिला ऐकू जात असणार.

"ही इज स्टिल टायपिंग," ती म्हणाली.

मी लॅपटॉप मिटला. लाज वाटली, आणि इतका आनंद झाला की जिन्यातच हसत बसलो.

पुढच्या आठवड्यात नोकरीचा होकार आला. मी दुकानात गेलो आणि निमूटपणे राऊटर आणला. जेवताना सासूबाईंची थट्टा करावी म्हणून म्हणालो, "आई, माझ्या डब्याची वायर ओढलीत, आणि लेकीच्या लॅपटॉपची नाही ओढली! त्याला हळदकुंकू लावलंत, मग सुट्टी का नाही दिलीत? हा पक्षपात झाला."

त्यांनी माझ्या ताटात आमटी वाढली.

"ते हत्यार सात वर्षं सुट्टीवरच होतं की," त्या म्हणाल्या.