चौथ्या कमानीतली खिडकी

मंडईच्या वाटेवरची ती सरकारी इमारत ज्याने काढली, त्याला आधी एक कप चहा पाजून शांत करायला हवं होतं. रंग आंबा बर्फीचा, कशालाही आधार न देणारे जाडजूड खांब, दर्शनी बाजूला वाड्याला शोभतील अशा कमानी आणि वर गच्चीच्या कठड्याला बैलगाडीच्या चाकाएवढं गोल भोक. ते कशासाठी, हे विचारायचं नाही. पेठेतली माणसं येताजाता नाकं मुरडायची. एकट्या श्यामला बेहेरेला मात्र ती इमारत फार आवडायची, कारण तिसऱ्या मजल्यावर, डावीकडून चौथ्या कमानीत तिचा नवरा बसायचा.

म्हणजे शरच्चंद्र बेहेरे, वरिष्ठ लिपिक, यांनीच तसं सांगितलं होतं. इमारत नवीकोरी, लग्नही नवं. "अहो, तुमची खिडकी कुठली?" असं तिने रस्त्यावरून विचारलं आणि त्यांनी ऐटीत सगळ्यांत देखण्या कमानीकडे बोट दाखवलं. तेव्हापासून सव्वीस वर्षं, दर मंगळवारी अकराच्या सुमारास, मंडईतून शनिवार पेठेत परतताना श्यामला समोरच्या फुटपाथवर थांबायची आणि भाजीची पिशवी जराशी वर करून दाखवायची. भर रस्त्यात हात हलवायची लाज वाटायची हो! काचा काळ्या, आतलं काही दिसत नसे. पण संध्याकाळी ते चपला काढता काढताच म्हणायचे, "अगं, आज परत शेपू? पिशवीतून डोकावत होता मेला." आणि शेपूच असायचा.

जानेवारीत ते ऑफिसच्या जिन्यात कोसळले आणि गेले. वर्षापूर्वीच अँजिओप्लास्टी झाली होती, डॉक्टरांनी जिना बंद केला होता, तिने तर गळ्याची शपथ घालून ठेवली होती. "लिफ्ट आहे गं. मी आपला खिडकीशी बसलेला असतो," असं हसत म्हणाले होते. मग जिन्यात काय करत होते? तेराव्याला आलेल्या प्रत्येकाला तिने हे विचारलं. "असेल काही काम," म्हणत जो तो आपल्या पानाकडे वळला.

दोन महिन्यांनी ऑफिसातून फोन आला, टेबल रिकामं करायचंय, वस्तू घेऊन जा. श्यामलाने मनाशी ठरवलं, वस्तू घ्यायच्या, पाच मिनिटं त्या खिडकीशी बसायचं आणि जिन्याचं काय ते विचारायचंच.

टेबल दाखवलं हिंमतरावने. वाघोलीहून येणारा जुना शिपाई. टेबल हॉलच्या पार मधोमध, ट्यूबलाइटखाली होतं. खणात चष्म्याचं घर, गोळ्यांची पाकिटं, रिकामा डबा. तिने सगळं पिशवीत भरलं.

"आणि खिडकी कुठंय?"

"कुठली खिडकी, वहिनी?"

"चौथ्या कमानीतली. ते बसायचे ती."

हिंमतराव गोंधळला. "त्या भायेरून नुसत्या देखाव्याच्या हायेत. काचंमागं भिंतच हाय. म्हणून तर भर दुपारी ट्यूबा लावाव्या लागत्यात."

श्यामलाने भिंतीकडच्या एका कपाटामागच्या फटीत हात घालून चाचपून पाहिलं. गार, ओबडधोबड भिंत. तिचं डोकंच फिरलं. सव्वीस वर्षं थापा मारल्या या माणसाने! आणि मी बावळट, भर रस्त्यात भिंतीला शेपू दाखवत उभी! रडू आलं, त्याहून जास्त राग आला, आणि राग काढायला माणूस नव्हता.

"मग त्यांना पिशवीतलं दिसायचं कसं?" ती जवळजवळ ओरडलीच.

हिंमतरावने मान खाली घातली. "चला वर," म्हणाला.

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर संपते. पुढे गच्चीपर्यंत दोन जिने, चांगले उभ्या चढाचे. पहिल्यातच श्यामलाला धाप लागली. गच्चीवर पाण्याची टाकी, मोडकं फर्निचर आणि त्या गोल भोकाशी पाठ तुटलेली एक सरकारी खुर्ची. तिने भोकातून खाली पाहिलं. तिची फुटपाथवरची जागा बरोब्बर समोर होती. तिथून एक बाई चालली होती. तिच्या पिशवीतली कोथिंबीरसुद्धा दिसत होती.

"दर मंगळवारी अकराला साहेब हितं," हिंमतराव म्हणाला. "आपरेशन झाल्यावर मी लई सांगितलं, नका चढू. तर म्हणायचे, खिडकीची थाप मारून बसलोय रे, आता या वयात तिला काय सांगू?"

श्यामलाला पुढचं विचारवेना. तरी विचारलं. "त्या दिवशी ते वर जाताना पडले, की खाली येताना?"

"येताना. त्या दिवशी लई येळ थांबले. बारा वाजून गेले तरी उन्हातच. फोन लावा म्हटलं, तर म्हणाले नको, उगाच घाईघाईनं निघेल, रस्ता क्रॉस करायचाय तिला." मग त्याने विचारलं, "तुमाला उशीर झाला व्हता का वहिनी, त्या मंगळवारी?"

श्यामला त्या तुटक्या खुर्चीत बसली. डब्याची पिशवी तिने पोटाशी घट्ट धरली.

"मी निघालेच नव्हते हो," ती म्हणाली. "दारावर मटारवाला आला होता."