वहीबाहेरचा थेओडुल

ओबरग्राट गावाचं क्षेत्रफळ अकरा चौरस किलोमीटर. त्यातले सात नुसता दगड आणि बर्फ, बाकी कुरणं आणि झाडी, आणि एका कोपऱ्यात चर्च, अडतीस घरं, त्रेसष्ट माणसं. फिलोमेना त्सेनक्लुसेनला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं हे सांगितलं असतं. एकतीस वर्षं ती गावच्या कचेरीत एकटी कारकून. हिवाळ्याच्या ग्रामसभेत ती लोकसंख्या वाचून दाखवी, आणि आकडा घटला की लोक तिच्याकडे असे बघत, जणू तिनंच कुणाला खाऊन टाकलंय. बाई काटेकोर. आधीच्या गावाचा दाखला आणल्याशिवाय तिनं कुणालाच गावच्या रहिवाशांच्या वहीत घेतलं नव्हतं, अगदी सख्ख्या भावजयीलाही नाही. भावजय अजून तिच्याशी बोलत नाही.

मे महिन्यात गावावरच्या डोंगराला भेग पडली. आधी बोट जाईल एवढी, मग गाय मावेल एवढी. दिवसभर वरून दगड गडगडत. मंगळवारी सकाळी हुकूम आला: दोन तासांत गाव रिकामं करा. तिच्या वहीतली यादी घेऊन अग्निशामक दलाचे लोक दारोदार फिरले. माणसं, गाई, मांजरं, सगळी खाली दरीतल्या शाळेत उतरली.

शाळेच्या दारात तिनं एकेक नाव घेऊन खूण केली. त्रेसष्टपैकी त्रेसष्ट.

"शाबास, फिलो!" गावचे अध्यक्ष रुपेन म्हणाले. "तुझी वही म्हणजे वही. वर कुणी नाही असं कळवून टाकतो."

फिलोमेनानं वही मिटली. तिला शुक्रवार आठवला.

शुक्रवारी थेओडुल इम्बोडेन पिशवी घेऊन कचेरीत आला होता. वय एक्याऐंशी, दोन्ही कानांनी ठार बहिरा, समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखणारा. शरदात तो मुलीकडे शहरात राहायला गेला, तेव्हा तिनंच त्याचं नाव खोडलं होतं.

"पोरगी चांगली आहे गं, पण खिडकीतून समोरची भिंत दिसते नुसती. मला परत लिहून घे."

"तिथला दाखला आणा, काका!" ती सावकाश ओठ हलवत म्हणाली.

"तुझ्या बापाच्या लग्नात नाचलोय मी! मला दाखला?"

"तरी लागतो!"

"बरं बाई. दाखला येईपर्यंत मी गावात नाहीच, असं समज." तो हसत हसत जंगलाकडेच्या आपल्या घरी गेला. त्यानंतर सगळ्यांचे डोळे डोंगरावर होते. यादीत ते घर रिकामं होतं. रिकाम्या घराचं दार कोण वाजवणार?

क्षणभर, देव क्षमा करो, तिच्या मनात आलं, गेला असेल परत शहरात. गप्प बसावं. मग तिला स्वतःचीच भीती वाटली.

"चौसष्ट," ती म्हणाली. "वर थेओडुलकाका आहेत. मी त्यांना लिहिलं नाही."

रुपेन पांढरेफटक पडले. "आणि हे आत्ता सांगतेस?"

रुपेननी फोन करून बोलावलेल्या हेलिकॉप्टरच्या वैमानिकानं एवढंच विचारलं, "नक्की आहे ना? उगाच नाही जाणार मी त्या कड्याखाली."

"नक्की," ती म्हणाली. तिला नक्की काहीच माहीत नव्हतं. आता तिच्या शब्दावर दोन जीव टांगले होते. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि पुन्हा पुन्हा ती त्रेसष्ट नावं पुटपुटत राहिली, शेवटी एक जास्तीचं.

वीस मिनिटांनी थेओडुल दारातून आत आला, विस्कटलेला आणि चिडलेला. त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढून तिच्या पुढ्यात आपटला.

"हा घे तुझा दाखला! काल टपालानं आला. संध्याकाळी आणला, तर कचेरीला कुलूप. आता तरी आहे ना मी गावात?"

तिनं वही उघडली. लिहिलं, चौसष्ट, इम्बोडेन थेओडुल. तेवढ्यात प्रचंड आवाज झाला, तावदानं खडखडली आणि लोक किंचाळत बाहेर धावले. ओबरग्राट होतं तिथून धुळीचा लोट वर चढत होता.

थेओडुल वहीवर वाकला होता. त्याला काही ऐकूच आलं नव्हतं.

"पत्ता राहिला की गं," तो बोट ठेवून म्हणाला. "लिही. वरची आळी, घर नंबर नऊ."

तिनं लिहिलं.