यांच्यात आळस असतो

वहिनींनी मला पाहुण्यांसमोर उभं केलं. हॉलच्या मधोमध. हातात चहाचा ट्रे तसाच.

"हीच ती," त्या म्हणाल्या. "उभ्या उभ्या झोपते. घोड्यासारखी."

पाहुणे हसले. सगळे मराठीच. एक बाई म्हणाल्या, "खरंच? दाखव ना गं."

"मीट डोळे," वहिनी म्हणाल्या.

मी मिटले. पुन्हा हसले सगळे. डोळे मिटले की हसणं जास्त मोठं ऐकू येतं.

आखातातलं युद्ध संपून दोनेक वर्षं झाली होती. बहरीनमध्ये बुसैतीनला साहेबांचं आणि त्यांच्या बायकोचं, वहिनींचं, घर. त्यांनी मला चिपळूणजवळच्या आमच्या बौद्धवाडीतून नेलं, बाळ सांभाळायला. "आपली मराठी बाई हवी," म्हणाले होते. नवरा वारलेला. माझ्या मुलीला माझ्या आईजवळ ठेवून मी गेले. विमानतळावरच साहेबांनी पासपोर्ट घेतला आणि घरी कपाटात ठेवला.

मला खोली नव्हती. बाळाच्या दाराबाहेर पॅसेजमध्ये गादी. बाळ रडलं की मी उठायचं, साहेब उशिरा आले की मी उठायचं. वहिनी एसी लावून, गोळी घेऊन झोपायच्या. डॉक्टरांनी त्यांना डिप्रेशन सांगितलं होतं. त्यांचं दुखणं वाढलं की घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. मी भांडीसुद्धा आवाज न करता घासायची.

आधी मला झोप मिळत नव्हती. मग मिळाली तरी येईना. अंग दगड, डोळे उघडे. छातीत धडधड. दिवसा भाजी चिरताना डोळा लागायचा. दूध उतू जायचं. त्यावर बोलणी. त्या धास्तीने पुन्हा झोप नाही. जेवण नकोसं झालं.

एकदा गावच्या दुकानातून मुलीचा फोन आला. "आये, माझा दात पडला." मला हसू आलं नाही. रडूही आलं नाही. फोन ठेवला आणि गच्चीवर कपडे काढायला गेले. कठड्याशी उभी राहून खाली बघत राहिले. भीती वाटली नाही. मागाहून त्याचीच भीती वाटली.

पुढच्या आठवड्यात बाळाचं इंजेक्शन होतं. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर वसईच्या. बाळाला धरून उभ्या उभ्या माझा डोळा लागला, ते त्यांनी पाहिलं.

"झोपतेस कधी, बाय?"

"दिवसभर झोपतच असते," वहिनी म्हणाल्या.

"मी तिला विचारलं."

मला कुणीतरी विचारलं होतं. मी सगळं सांगितलं. गच्चीचंही. सिस्टरनी आतून डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या बहरीनी. त्या अरबीत बोलल्या, सिस्टरनी मराठीत सांगितलं. "झोप तुटली की मन आजारी पडतं. मन आजारी पडलं की उरलेली झोपही जाते. हे डिप्रेशन आहे. हिला औषध लागेल आणि रोजची झोप लागेल."

वहिनी हसल्या. "डिप्रेशन विचार करणाऱ्या माणसाला होतं, सिस्टर. यांच्यात कसलं? यांच्यात आळस असतो."

यांच्यात.

गावच्या विहिरीवर ऐकलेला शब्द. समुद्र ओलांडून तो माझ्याआधी येऊन बसला होता.

मी बाळ वहिनींच्या हातात दिलं. बाकावर बसले.

"तुम्हाला झालाय तोच आजार मला झालाय, वहिनी. मला खोली पाहिजे. आतून कडी असलेली. तोवर मी इथून उठत नाही."

"पासपोर्ट आमच्याकडे आहे. पोलीस धरतील."

"धरू देत."

बाळ रडायला लागलं. माझे हात आपोआप पुढे गेले. मी ते मांडीखाली दाबून धरले. वहिनींनी साहेबांना फोन केला. साहेब आले. सिस्टर माझ्या शेजारून हलल्या नाहीत. लोक बघायला लागले तसे साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "चल. स्टोअररूम घे. तमाशा नको."

"आणि पासपोर्ट?"

"करार संपल्यावर."

म्हणजे कोंडलेली मी होतेच. तांदळाच्या पोत्यांशेजारी गादी टाकली आणि कडी लावली. बाहेरून वहिनी दार ठोकत राहिल्या. मी उघडलं नाही. त्या दुपारी झोप आली नाही. पुढे किती तरी दुपारी आली नाही. पण रोज कडी लावली. औषध सिस्टरच्या हातून घेतलं, वहिनींच्या नाही. करार संपला, पासपोर्ट घेतला, आणि 'राहशील का' विचारायच्या आत घराबाहेर पडले.

बरी झाले का? पूर्ण नाही. अजून कधी कधी उजाडेपर्यंत टक्क जागी असते. पण माझ्या माणसांच्या दुखण्याला आळस म्हणणारा कुणी माझ्या दारात आला, तर त्याला मी बसू देत नाही.