हवामास्तरांचा शेवटचा टप्पा

हवामास्तर नमस्कार करण्याआधी माणसाच्या सायकलचे मागचे चाक अंगठ्याने दाबत. घरात सत्यनारायण असो की सुतक, आधी चाक, मग यजमान. “मागच्यात कमी आहे,” ही त्यांची खुशाली विचारण्याची रीत. ते डोंबिवलीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळत आणि मास्तर मुळीच नव्हते. पण कुणी विचारलेले नसताना शिकवणाऱ्याला आपल्याकडे दुसरे नाव नाही.

त्यांच्याविषयी गावात एक गोष्ट फिरते. ऐंशीच्या दशकात कलकत्त्याहून डोंबिवलीला सायकलने निघालेला हा वीर शेवटी शहाडला दमला आणि उरलेली वाट जीपमधून आला. त्याचा सोबती मात्र अखेरपर्यंत पायडल मारत राहिला. तो सोबती मी. ही गोष्ट सांगणारे सगळे जण तेव्हा घरी पंख्याखाली होते, एवढे आधी नोंदवून ठेवतो.

मास्तरांचा दुसरा आजार वेळेचा. निघताना ते वहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, सांगून आले होते, “महिनाअखेरच्या शनिवारी दुपारी जेवायला येतो. पान वाढून ठेव.” त्या एका पानापायी त्यांनी मला अर्धा देश दामटले. माळशेज घाटात मी चहासाठी थांबू म्हणालो, तर उत्तर आले, “चहा पळून जात नाही, शनिवार जातो.” शुक्रवारी संध्याकाळी आम्ही शहाडला पोचलो. घर तासाभरावर होते.

तिथे सत्कार समितीचे चिटणीस आमची वाट अडवून उभे. सत्कार रविवारी ठरलेला. प्रमुख पाहुणे त्याच दिवशी मोकळे. वेळेवर पोचणे हाच आमचा अपराध. “मास्तर, दोन रात्री इथेच काढा,” ते म्हणाले. “उद्याच गावात दिसलात तर परवा आम्ही स्वागत कुणाचं करायचं?” शिवाय गावातला प्रवेश उघड्या जीपमधून, म्हणजे हार घालायला बरे. आमच्या गावात माणूस पोचला की नाही, हे हारावरून ठरते. मास्तर भांडतील असे मला वाटले होते. “मंडप घातलाय त्यांनी,” एवढेच ते म्हणाले आणि आम्हाला दिलेल्या खोलीत सायकली नेऊन लावल्या.

शनिवारी सकाळी त्यांनी मला हलवले. “चल. घरी जेवू आणि परत येऊ.” मी म्हणालो, माझ्या मागच्या चाकात हवा नाही. त्यांनी अंगठा लावला.

“हवा आहे. दुसरं कारण शोध.”

मी कूस बदलली. ते तोंडाला पंचा गुंडाळून एकटेच गेले, वाढलेल्या पानावर वेळेवर जेवले आणि सायकलनेच संध्याकाळी परतले. पुरावा हवा असेल तर माझ्यासाठी त्यांनी वहिनींच्या हातच्या वालाच्या बिरड्याचा डबा आणला होता. तसे बिरडे शहाडच्या हॉटेलात मिळत असल्यास शंकेखोरांनी मला पत्ता द्यावा. म्हणजे जो टप्पा मास्तरांनी एकदाही केला नाही असे म्हणतात, तो त्यांनी जाऊन-येऊन दोनदा केला होता.

रविवारी ते जीपमध्ये पुढे उभे राहिले; गळ्यात हार, चेहरा दाढ दुखत असल्यासारखा. मागे दोन सायकली धरून मी बसलो होतो. मंडपाच्या अलीकडच्या वळणावर चिटणिसांना सुचले, की मागून एखादी सायकल दिसलेली बरी. मी उतरलो आणि शंभर पावले पायडल मारत टाळ्यांमध्ये शिरलो. ती शंभर पावले सोडली, तर शहाड ते डोंबिवली निव्वळ जीपने आलेला माणूस आम्हा दोघांत एकच होता, आणि तो मी.

मास्तरांनी हे कधी कुणाला सांगितले नाही. नव्वदच्या दशकात ते गेले. शोकसभेत समितीच्या नव्या पिढीतल्या एका वक्त्याने जीपची गोष्ट गोड हसून सांगितली आणि माझ्याकडे हात केला, “शेवटपर्यंत सायकल न सोडणारे हे काका आज आपल्यात आहेत.” माना वळल्या. पहिल्या रांगेत वहिनी होत्या. तो डबा त्यांनीच भरला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पदर सारखा केला.

एरवी कुणालाही एक वाक्य धड पुरे करू न देणारा मी, त्या दिवशी उठलो नाही. बाहेर आल्यावर माझ्या सायकलचे मागचे चाक अंगठ्याने दाबून पाहिले. हवा होती. दुसरे कारण मला अजून सापडलेले नाही.