वैशूची नागीण आणि माझी कळ

मी एका मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर काम करते. दिवसभर गोळ्या-औषधं हातात, त्यामुळे नजर लागणं, बाधा वगैरे गोष्टींना मी नेहमीच हसत आले. तरीही मागच्या वर्षी जे झालं ते लिहिते आहे. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

आमचं घर पालीला, रत्नागिरी–कोल्हापूर रस्त्यापासून दहा मिनिटं आत. घरात सासूबाई, मी, धाकटे दीर आणि त्यांची बायको वैशू. माझे मिस्टर मुंबईत नोकरीला... गणपती आणि शिमग्याला येतात. भावजी मात्र रोज संध्याकाळी घरी. ते आले की वैशू चहा घेऊन पडवीत बसते, दोघं हळू आवाजात काहीतरी बोलतात, हसतात. मी आत भाकऱ्या थापत ऐकायचे. खोटं कशाला सांगू — जळायचे मी. तिच्या नव्या साडीवर नाही, त्या हसण्यावर.

अशाच एका संध्याकाळी माझ्या छातीत डाव्या बाजूला आग पेटल्यासारखी कळ आली. बरगडीच्या खालून थेट पाठीपर्यंत. घरी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी परस्पर रत्नागिरीला जाऊन ईसीजी, रक्त तपासणी, सगळं केलं. नॉर्मल!

डॉक्टर म्हणाले, "दुखणं खरं आहे, पण हृदयाचं दिसत नाही. ॲसिडिटी असेल, बरगडीजवळ सूज असेल, टेन्शननेही होतं. कधी कधी नागीण उठायच्या आधी असंच जळतं. त्या जागी पुरळ दिसलं तर लगेच या. आणि कळ वाढली, दम लागला, तर थांबू नका."

मी रोज आरशात बघायचे. एक ठिपकासुद्धा नाही. ब्लाउजचं कापड लागलं तरी डोळ्यांत पाणी यायचं.

पाचव्या दिवशी सकाळी वैशूने हाक मारली, "ताई, पाठीवर काय उठलंय बघ गो."

तिने पदर बाजूला केला. लाल फोडांचा पट्टा — डाव्या छातीखालून पाठीपर्यंत. माझी कळ जिथून सुरू व्हायची तिथून, जिथे संपायची तिथपर्यंत.

आमच्या इथल्या डॉक्टरांनी नागीणच सांगितली. "फार आग होत असेल ना?"

"नाही हो," वैशू म्हणाली. "काहीच होत नाही."

तरी घरात तिचीच सरबराई. सासूबाई मऊ पेज करून देत होत्या, भावजींनी रजा घेतली. मी दात आवळून पाणी भरत होते. दुखणं माझं आणि कौतुक हिचं! आजारपणाचाही हेवा वाटतो माणसाला, हे तेव्हा कळलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी भावजी बाहेर गेले होते, म्हणून तिला लोशन लावायचं काम माझ्याकडे आलं. कापसाचा बोळा तिच्या पाठीवर टेकवला आणि... माझ्या पाठीवर गार लागलं. त्याच जागी. मी हात मागे घेतला. पुन्हा टेकवला, जरा पुढे. गारवाही पुढे सरकला.

"लावतेस ना ताई?" वैशूने विचारलं. "मला कळतच नाही."

मी पूर्ण पट्टा लावला. सावकाश, फुंकर घालत. आठवड्याभरात पहिल्यांदा मला आराम पडला. त्यानंतर ते काम मी कुणाला करू दिलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "थोरलीने किती केलं हो धाकटीचं!" मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

तिच्या फोडांच्या खपल्या पडल्या, त्याच आठवड्यात माझी कळ गेली.

रत्नागिरीच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पुरळ न येता नागीण होऊ शकते. फोड येऊन न दुखणंही होतं. दोघींना एकदमच, म्हणजे योगायोग." मान्य. पण कापूस तिच्या पाठीवर आणि गारवा माझ्या, याचं काय? त्यावर ते हसले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

वैशूला मी यातलं काही सांगितलेलं नाही. ती साधी आहे, लगेच विचारेल, "माझं दुखणं तुझ्याकडे कसं गो आलं?" कसं आलं ते मला खरंच माहीत नाही. पण तिचं जे जे होतं ते मला हवं होतं, एवढं मात्र तिच्या तोंडावर कबूल करावं लागेल... आणि ते अजून जमत नाही.