अथेन्समधले सहा महिने

आई गेल्यावर बाबा सहा महिने अथेन्सला राहून आले. म्हणजे अमेरिकेतल्या, जॉर्जिया राज्यातल्या अथेन्सला. माझा भाऊ तिथे नोकरी करतो. ग्रीकांच्या त्या जुन्या शहराचं नाव लावलेली गावं अमेरिकेत पुष्कळ आहेत. बाबांनी नकाशात शोधून एकेकाभोवती पेन्सिलीने गोल केला होता. आपल्याकडे प्रत्येक गल्लीत एक 'श्रीकृपा' असते, तसंच हे, असं त्यांचं मत.

विश्रांतवाडीतल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात परदेशाहून आलेल्या सभासदाला व्याख्यानाचा मान मिळतो. बाबांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत टपालाची आवक-जावक सांभाळण्यात गेलेली. माईकसमोर ते कधी उभे राहिले नव्हते. या एका व्याख्यानासाठी त्यांनी तिकडे बसून वही भरली होती. ती घेऊन आम्ही दोघं चिटणिसांकडे गेलो.

चिटणिसांनी वही उघडलीसुद्धा नाही. "अहो, अमेरिका ऐकायला कोण येणार? इथे प्रत्येकाचं एक पोर तिकडेच आहे. तुम्ही खऱ्या अथेन्सवर बोला."

ते मी पाहिलेलं नाही, बाबा म्हणाले. श्रोत्यांनीही पाहिलेलं नाही, चिटणीस म्हणाले.

फळ्यावर 'अथेन्स : लोकशाहीची जन्मभूमी' असं झळकलं. मला रागच आला. सरळ नाही म्हणा, असं मी बाबांना सांगितलं, पण हा मान पुन्हा मिळायचा नाही ही भीती त्यांना जास्त होती. वाचनालयातून तीन जाडजूड पुस्तकं आली आणि आठवडाभर आमच्या स्वयंपाकघरात मी पोळ्या लाटताना ग्रीक लोकशाही ऐकली.

सभागृह भरलं होतं. व्याख्यानानंतर बटाटेवडे होते, हेही एक कारण. बाबा छान बोलले. टेकडीवरचं देऊळ, चौकातले वादविवाद, चिठ्ठ्या टाकून नेमलेले अधिकारी, सगळं त्यांनी न अडखळता सांगितलं. मग पुढच्या रांगेतल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी अत्यंत नम्रपणे विचारलं, "यातलं आपण स्वतः काय पाहिलंत?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग हातातले कागद खाली ठेवले.

"मी अमेरिकेतल्या अथेन्सला होतो. मुलगा-सून सकाळी आठला जायचे, संध्याकाळी सहाला यायचे. मला गाडी चालवता येत नाही, त्यामुळे बाहेर फारसा पडलो नाही. नातीला सांभाळलं. ती पहिली पावलं टाकत माझ्याकडे आली, तेवढं पाहिलं."

चिटणीस घड्याळाकडे बघू लागले. परत कधी बोलावलंय, असं कोणीतरी विचारलं.

"नाही बोलावलं. तिला पाळणाघरात जागा मिळाली."

अशा वेळी आमच्या संघात कोणीतरी तिरकस बोलतंच. त्या दिवशी मात्र न्यू जर्सीला दोन बाळंतपणं करून आलेल्या एक बाई पुढे वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "नाव काय हो नातीचं?"

तासभर न अडखळता बोललेल्या माझ्या बाबांना, सहा महिने रोज हाक मारलेलं ते नाव काही केल्या उच्चारता येईना.