हनुवटीला टाके, जबड्याला कुलूप

"तोंड उघडा," ठाण्यातल्या जबड्याच्या सर्जन बाई म्हणाल्या. मी उघडलं. "अजून." अजून काही उघडेना. त्यांनी दातांमध्ये दोन बोटं घालून पाहिली, एकच गेलं.

सीटी स्कॅन बघून म्हणाल्या, काँडाइल फ्रॅक्चर आहे. काँडाइल म्हणजे कानापुढच्या सांध्यात बसणारं जबड्याचं गोल टोक. ते मोडलं होतं, आणि महिनाभर तोंड न हलवल्याने सांधा आखडत चालला होता. असंच राहिलं तर हाडाला हाड चिकटतं. त्याला अँकिलोसिस म्हणतात. मग ऑपरेशनशिवाय गत्यंतर नसतं.

माझं डोकंच फिरलं. बाळकुमला खड्ड्यात स्कूटर आपटून मी हनुवटीवर पडले होते. जवळच्या दवाखान्यात टाके घातले आणि किरकोळ आहे, आराम करा, म्हणून डोंबिवलीला घरी पाठवलं. कान दुखतोय हे मी सांगितलं होतं. हनुवटीचा मार थेट कानापुढच्या सांध्यात जातो, हे मला नाही, त्या डॉक्टरांना ठाऊक असायला हवं होतं. त्यांनी माझं तोंड एकदाही उघडून पाहिलं नाही.

घरी तर मायेचा पूर. नणंद रोज पेज आणायची आणि बोलू नकोस म्हणून दटावायची. सासूबाईंनी जबडा ओढणीने बांधून टाकला. आमचे हे येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "सध्या घरात शांतता आहे बरं का." सगळे हसायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

सर्जन बाईंनी ह्यांच्यासमोरच बजावलं, "ताई, आता गप्प बसायचं नाही. खा, बोला, भांडा." शिवाय व्यायाम दिला. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये सरकवायच्या, सोसेल तशी एकेक वाढवायची. डोळ्यांतून पाणी यायचं. हे समोर बसून काड्या धरायचे. शांततेचा विनोद तेव्हापासून बंद झाला.

आता तीन बोटं उभी आत जातात. पहिली पूर्ण जांभई आली तेव्हा मी रडले. बाईंचे उपकार विसरणार नाही. तुमच्याकडे कुणी हनुवटीवर पडलं तर नुसत्या टाक्यांवर भागवू नका. तोंड किती उघडतंय ते बघायला लावा, आणि व्यायाम कधी सुरू करायचा ते विचारा.

परवा मी मुद्दाम त्या पहिल्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी हनुवटी निरखली आणि खूश होऊन म्हणाले, "टाक्यांची जखम छान भरलीय की."

मी तोंड उघडलं. बाहेर पेशंट ताटकळत होते, पण सगळं ऐकवल्याशिवाय मी ते मिटलं नाही.